विंडसर्फिंगची राष्ट्रीय स्पर्धा भरवताना: परवानग्या, पात्रता, विमा आणि पाण्यावरची जबाबदारी

राष्ट्रीय स्पर्धेची पहिली बैठक बहुतेक ठिकाणी तारखा, प्रायोजक आणि करंडक यांवरच संपते. माझा आग्रह आहे की पहिल्या बैठकीत फक्त बचावनौकांचं बोलावं. वारा अचानक वाढला, निम्मे स्पर्धक पाण्यात पडले, तर किती जणांना तुम्ही उजेडात किनाऱ्यावर परत आणू शकता? जो आकडा निघेल तेवढेच प्रवेश घ्यायचे. परवानगीच्या अर्जातली संख्या, विम्याची रक्कम, गटांची वाटणी, अधिकाऱ्यांची गरज हे सगळं त्या आकड्यावरून ठरतं. आधी प्रवेश घेऊन मग होड्या शोधत बसलेले आयोजक शेवटच्या आठवड्यात तडजोडी करतात, आणि त्या तडजोडी नेहमी सुरक्षेतच होतात.

हा लेख गोवा डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे, त्यातही दोना पावला ते बांबोळी हा झुआरीच्या मुखावरचा पट्टा. मुंबईत, मालवणात किंवा चेन्नईत स्पर्धा असेल तर कार्यालयांची नावं बदलतील, कामाचा क्रम तोच राहील. हाताशी किमान सहा महिने असावेत.

आधी अधिकार कोणाचा ते बघा

किनाऱ्यावर चार मित्रांनी शर्यत लावली आणि तिला राष्ट्रीय म्हटलं, एवढ्यानं ती राष्ट्रीय होत नाही. सेलिंगची, म्हणजे शिडाच्या होड्यांच्या खेळाची, जागतिक संघटना म्हणजे वर्ल्ड सेलिंग, आणि भारतात तिची सदस्य संस्था यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया. विंडसर्फिंग, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डावर उभं राहून वाऱ्यावर पळणं, याच छत्राखाली येतं. सध्याचे शर्यतीचे नियम २०२५ ते २०२८ या काळासाठी आहेत. त्यांतल्या नियम ८९ नुसार स्पर्धा भरवायचा अधिकार राष्ट्रीय संघटनेला, तिच्याशी संलग्न क्लबला किंवा तिनं मान्यता दिलेल्या संस्थेला असतो. म्हणून पहिलं पत्र यॉटिंग असोसिएशनला जातं: कोणती स्पर्धा, कोणते वर्ग (म्हणजे बोर्डांचे ठरावीक प्रकार), कोणत्या तारखा, यजमान क्लब कोणता. संघटनेचं वार्षिक वेळापत्रक आधी ठरतं, तेव्हा पुढच्या हंगामाची तारीख यंदाच मागा.

हे निव्वळ कागदी सोपस्कार नाहीत. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धा २०२३ मध्ये झाल्या, तिथे इबाद अलीनं आरएस:एक्स या बोर्डाच्या प्रकारात कांस्यपदक मिळवलं. अशा संघांच्या निवडीत देशातल्या मान्यताप्राप्त स्पर्धांचे निकाल बघितले जातात. तुमची मान्यता कच्ची असेल तर एखाद्या मुलाच्या वर्षभराच्या मेहनतीचा निकाल निवड समितीपुढे धरायच्या लायकीचा राहत नाही.

यजमान क्लब नोंदणीकृत संस्था असायलाच हवा. नोंदणी नसलेल्या मंडळानं स्पर्धा घेतली आणि काही विपरीत घडलं, तर दावा थेट माणसांच्या नावावर येतो. राष्ट्रीय संघटना आणि यजमान क्लब यांच्यात दोन पानी करार करून घ्या. अधिकाऱ्यांचा प्रवासखर्च कोणाचा, विमा कोणाच्या नावे, प्रायोजकांचे हक्क कोणाकडे, स्पर्धा रद्द करायचा शेवटचा शब्द कोणाचा, एवढं त्यात स्पष्ट असलं की पुढची निम्मी भांडणं टळतात.

जागा आणि दिवस

पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर विषय बंद. ऑक्टोबर ते मे हा हंगाम, आणि त्यातही फेब्रुवारी ते एप्रिल सगळ्यात भरवशाचे. या महिन्यांत दुपारी वायव्येकडून खारे वारे लागतात. सकाळी पाणी आरशासारखं असतं, बाराच्या सुमारास सुरकुत्या दिसू लागतात आणि दोनपर्यंत बोर्ड पळण्याजोगा वारा भरतो. त्यामुळे वेळापत्रकात पहिला इशारा, म्हणजे शर्यत सुरू होत असल्याचा संकेत, दुपारी ठेवा आणि सकाळ उपकरणांचं मोजमाप, स्पर्धकांची बैठक, दुरुस्ती यांना द्या.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी मतलई वारा चांगला लागतो आणि त्यावर एखादी शर्यत उरकून घ्यायचा मोह होतो. तो वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, हे विसरू नका. मास्ट (शिडाची काठी) मोडलेला स्पर्धक अशा वाऱ्यात किनाऱ्यापासून दूर दूर जातो. बचावनौका दुप्पट करता येत नसतील तर मतलईवर शर्यत लावू नका, विशेषतः मुलांची.

झुआरीच्या मुखाची खासियत अशी की दुपारचा वायव्य वारा मोडक्या बोर्डाला नदीच्या आतल्या अंगाला ढकलतो. ओहोटीची ओढ मात्र उलट, समुद्राकडे. दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध लागले की मुखावर आखूड, उभ्या लाटा उठतात आणि नवशिके त्यात दमतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे दिवस टाळून तारखा काढल्या तर हा त्रास बराच कमी होतो. गोव्यात उधाणातही भरती-ओहोटीतला फरक साधारण दोन मीटरच्या आसपास असतो. मुंबईत तो पाच मीटरच्या घरात जातो, आणि गिरगाव चौपाटीवर ओहोटीला बोर्ड उचलून बरंच अंतर चालावं लागतं. फॉइलचे बोर्ड असतील, म्हणजे बोर्डाला पाण्यावर उचलून धरणारं पंखासारखं पातं खाली लावलेलं असेल, तर हे आणखी महत्त्वाचं. फॉइल पाण्याखाली जवळजवळ मीटरभर जातो, त्यामुळे उथळ वाळूच्या किंवा खडकाळ पट्ट्यावर फॉइलची स्पर्धा घेऊच नये.

परवानग्या

हा भाग कंटाळवाणा असला तरी स्पर्धा इथेच अडते. अर्ज करण्याआधी एक नकाशा तयार करा: शर्यतीचं क्षेत्र, त्याच्या चारी कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश, किनाऱ्यावरची जागा, रुग्णवाहिकेची वाट, बचावनौकांच्या जागा. हा एकच नकाशा प्रत्येक अर्जाला जोडायचा. वेगवेगळ्या कार्यालयांत वेगवेगळे नकाशे गेले की एकाची परवानगी दुसऱ्याच्या हरकतीचं कारण बनते.

पाण्यासाठी गोव्यात पहिलं दार पणजीच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याचं. झुआरीच्या मुखावर मात्र मुरगाव बंदराची वाहतूक आहे, तेव्हा मुरगाव बंदर प्राधिकरणाचं नाहरकतपत्रही हवं. जहाजांची वाट आणि बार्जींचा मार्ग नकाशावर उठावदारपणे दाखवा, आणि तुमचा सगळ्यात बाहेरचा मार्क (शर्यतीचा मार्ग दाखवणारा, नांगरलेला तरंगता खुणेचा गोळा) त्यापासून किती दूर आहे तेही लिहा. बंदर अधिकाऱ्यांना नेमकं हेच बघायचं असतं. त्यांना खलाशांसाठी सूचना काढायची विनंती करा, म्हणजे त्या दिवसांत येणाऱ्या जहाजांना आधीच कल्पना असते. महाराष्ट्रात हीच भूमिका महाराष्ट्र सागरी मंडळाची, आणि मुंबईच्या बंदर हद्दीत मुंबई बंदर प्राधिकरणाची. मुंबई आणि गोवा दोन्हीकडे नौदलाचे तळ आहेत, म्हणून नौदल आणि तटरक्षक दलाला लेखी कळवणं अपरिहार्य. सागरी पोलिसांना स्पर्धकांच्या बोर्डांचे रंग, शिडांवरचे क्रमांक आणि बचावनौकांची नोंदणी यांची यादी द्या. किनाऱ्यावर अनोळखी होड्या दिसल्या की त्यांना प्रश्न पडतो, आणि तो पडणं रास्तच आहे.

किनाऱ्यासाठी पंचायत किंवा महापालिका, पर्यटन खातं, जिल्हाधिकारी कार्यालय आणि पोलीस. तंबू, मंच, कमानी यांसाठी गोवा किनारपट्टी व्यवस्थापन प्राधिकरणाला विचारावं लागतं, मग बांधकाम चार दिवसांचं का असेना. त्यांच्या बैठका ठरावीक अंतरानं होतात, म्हणून हा अर्ज सगळ्यात आधी करा. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि त्यांचा काळ नेमका आपल्या हंगामात येतो. तिथे रात्रीचे दिवे, ध्वनिक्षेपक, वाळूवर गाड्या यांना वाव नाही. मी तर म्हणेन, अशा किनाऱ्यावर स्पर्धेचा विचारच करू नये. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी असते, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर तो लावता येत नाही. बक्षीस समारंभ त्या हिशोबानं आटपा.

ड्रोनसाठी २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा कोणत्या रंगात येते ते बघा. दाबोळीला विमानतळ आणि नौदलाचा तळ एकत्र असल्यामुळे या पट्ट्यात ड्रोन गृहीत धरून छायाचित्रकाराशी करार करू नका. सागरी व्हीएचएफ रेडिओ संच वापरणार असाल तर त्यांचा परवाना तपासा. चॅनल १६ हा संकटकाळाचा आहे, शर्यतीच्या गप्पांसाठी दुसरा चॅनल ठरवून घ्या.

एक परवानगी कुठल्याच खिडकीवर मिळत नाही, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची: तिथल्या मच्छीमारांची. करंझाळ्यासारख्या किनाऱ्यावर रापण लागते. रापणकार पहाटे किंवा संध्याकाळी होडीतून अर्धवर्तुळात जाळं सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर पुळणीवरून माणसं ओढत आणतात. ते जाळं पाण्यात असताना तुमची होडी मधून गेली तर एका दिवसाची अनेक घरांची कमाई फाटते. म्हणून महिनाभर आधी जाऊन भेटा, मार्क कुठे नांगरणार ते दाखवा, त्यांच्या वेळा वहीत लिहून घ्या आणि त्या वेळांना क्षेत्र मोकळं ठेवा. बचावनौका आणि तांडेल (होडी चालवणारे) शक्य तर त्यांच्यातूनच भाड्यानं घ्या. त्या पाण्यातला खडक आणि ओढ त्यांच्याइतकी कोणालाच ठाऊक नसते. मात्र होडीची नोंदणी, विमा आणि चालवणाऱ्याचा परवाना बघितल्याशिवाय कोणालाही पाण्यावर घेऊ नका, माणूस कितीही ओळखीचा असो.

कोण उतरू शकतं

पात्रतेचे नियम नोटिस ऑफ रेस या कागदात जातात. हा कागद म्हणजे आयोजक आणि स्पर्धक यांच्यातला करारच. नियमपुस्तकाच्या परिशिष्ट जे मध्ये त्यात काय काय असावं त्याची यादी आहे, ती समोर ठेवूनच तो लिहा. विंडसर्फिंगसाठी परिशिष्ट बी लागू असल्याचं त्यात न विसरता नमूद करा, कारण होड्यांचे काही नियम बोर्डांना बदलून लागतात.

नियम ७५ प्रमाणे प्रवेश संलग्न क्लबच्या सदस्यानं, क्लबनं किंवा राष्ट्रीय संघटनेच्या सदस्यानं करायचा असतो. एकट्यानं किनाऱ्यावर शिकलेल्या मुलाला हे माहीत नसतं. अशा मुलांसाठी सदस्यत्व घेण्याची मुदत आणि पद्धत नोटिशीतच द्या, नाहीतर गुणी खेळाडू नोंदणीच्या टेबलावरून परत जातात.

वर्ग ठरवताना देशात बोर्ड किती आहेत ते बघा. मुलांसाठी टेक्नो २९३ हा जुना, भक्कम वर्ग आहे. पंधरा वर्षांखालील गटाला ६.८ चौरस मीटरचं शीड, सतरा वर्षांखालील गटाला ७.८, आणि मोठ्यांच्या प्लस गटाला ८.५. ऑलिम्पिकमध्ये २००८ ते टोकिओपर्यंत आरएस:एक्स होता, पॅरिस २०२४ पासून फॉइलवाला आयक्यूफॉइल आला. आपल्याकडे आरएस:एक्सचे बोर्ड अजून वापरात आहेत आणि ते महाग उपकरण एका वर्षात अडगळीत टाकणं खेळाडूंना परवडत नाही. त्यांना वेगळा वर्ग द्या, फॉइलबरोबर एकत्र धावायला लावू नका. दोघांच्या वेगात इतका फरक आहे की ती स्पर्धा तर राहत नाहीच, धडकेचा धोकाही वाढतो. एखाद्या वर्गाला राष्ट्रीय विजेतेपद देण्यासाठी किमान किती प्रवेश आणि किती पूर्ण शर्यती लागतील, तो आकडाही नोटिशीत हवा. शेवटच्या दिवशी वारा पडला की सगळे हीच ओळ शोधतात.

वयाच्या बाबतीत ‘पंधरा वर्षांखालील’ एवढंच लिहून भागत नाही. कोणत्या तारखेला पंधरा, ते लिहा आणि वर्गाच्या नियमांशी जुळवून घ्या. जन्मदाखला मूळ प्रतीत बघा. दाखला जन्मानंतर बऱ्याच वर्षांनी काढलेला असेल तर शाळेच्या पहिल्या नोंदीशी ताडा. हे काम नोंदणीच्या दिवशी घाईत करू नये, प्रवेश बंद होताच, स्पर्धेच्या आठवडाभर आधी करावं.

नागरिकत्वाचा प्रश्न गोव्यात हमखास येतो. अनेक गोवेकर कुटुंबांकडे पोर्तुगीज पारपत्र आहे, आणि मुलं भारतात वाढलेली असली तरी कागदोपत्री ती परदेशी नागरिक किंवा ओसीआय (मूळ भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) कार्डधारक असतात. दुबई, लंडन किंवा अमेरिकेत वाढलेली मराठी मुलं सुट्टीत येऊन उतरू इच्छितात, त्यांचंही तेच. माझा सल्ला असा की भारतीय पारपत्र असलेल्यांसाठी राष्ट्रीय क्रमवारी आणि इतरांसाठी खुली क्रमवारी अशा दोन याद्या नोटिशीत आधीच जाहीर करा. शर्यत सगळ्यांनी एकत्र करावी, पदकाचा निकष मात्र आधीपासून स्वच्छ असावा. हे पदक वितरणाच्या वेळी ठरवायला गेलात तर एखाद्या पोराचा मान सगळ्यांदेखत काढून घेतल्यासारखं होतं.

उत्तेजकांचे नियम लागू असतात आणि नाडाचे (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचे) अधिकारी न सांगता येऊ शकतात. दम्यासारख्या आजारावर औषध घेणाऱ्यांनी वैद्यकीय सूट आधीच मागावी, अशी सूचना नोटिशीत ठेवा. नमुने घेण्यासाठी स्वच्छतागृहासह एक बंद खोली राखून ठेवा. प्रवेश नाकारायचा असेल तर पहिली शर्यत सुरू होण्याआधी आणि कारण देऊनच नाकारता येतो, तो नियम ७६.

पोहता येतं असं लिहून घेण्यावर थांबू नका. वीस वर्षांखालच्या प्रत्येकाला लाइफ जॅकेट घालून किनाऱ्याजवळ पोहून दाखवायला सांगा. बोर्डवर सराईत दिसणारी काही मुलं बोर्ड सुटल्यावर घाबरतात, आणि ते कळायची जागा भर समुद्र नव्हे.

सही घेतली म्हणजे सुटलो, असं नाही

नियम ३ सांगतो की शर्यतीत उतरायचं किंवा ती पुढे चालू ठेवायचं, हा निर्णय स्पर्धकाचा स्वतःचा. प्रत्येक नोटिशीत हा नियम असतो आणि असायला हवा. पण त्याचा अर्थ आयोजक मोकळे, असा अनेक जण लावतात, तो चुकीचा आहे. स्पर्धक वारा आणि लाट यांची जोखीम पत्करतो. तुमच्या बंद पडलेल्या बचावनौकेची, बिनपरवाना तांडेलाची किंवा न मागवलेल्या रुग्णवाहिकेची जोखीम तो पत्करत नाही.

जोखीमपत्र घ्याच, पण ते प्रामाणिक असू द्या. ‘कोणत्याही घटनेस आयोजक जबाबदार नाहीत’ या एका वाक्यापेक्षा प्रत्यक्ष धोके लिहिलेले पत्र न्यायालयात जास्त उपयोगी पडतं: धडक, मास्ट डोक्यावर आदळणं, फॉइलची धार, जेलीफिश, ऊन लागणं, किनाऱ्यापासून दूर वाहत जाणं. स्पर्धकाला समजेल त्या भाषेत द्या. गोव्यात कोकणी आणि इंग्रजी, महाराष्ट्रात मराठी, आणि सैन्यदलांच्या संघांसाठी हिंदी. आयोजकाच्या हलगर्जीपणाचं दायित्व सहीनं पुसलं जात नाही, असंच धरून चाला. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि गुन्हेगारी जबाबदारीला जोखीमपत्राचं कवच नसतं.

मुलांच्या बाबतीत परिस्थिती आणखी कडक. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीनं केलेला करार भारतीय कायद्यात मुळातच रद्दबातल असतो, प्रिव्ही कौन्सिलनं १९०३ मध्ये मोहरीबीबीच्या खटल्यात हे ठरवलं. म्हणजे मुलाची सही कायद्याच्या दृष्टीनं कोरा कागद. पालकांची संमती घ्या, उपचारांसाठी वेगळी संमती घ्या, मुलाबरोबर स्पर्धेत जबाबदार कोण ते नाव-क्रमांकासह लिहून घ्या. पण पालकानं मुलाचा हक्क सोडून दिला, असं समजून निर्धास्त होऊ नका. मुलांसाठी राहण्याची वेगळी सोय, मुलींच्या संघाबरोबर महिला व्यवस्थापक, आणि तक्रार कोणाकडे करायची त्याचा फलक, या गोष्टी आठवण झाली तर करायच्या यादीत नसून सक्तीच्या यादीत हव्यात.

विम्यात सगळ्यात जास्त फसगत नावामुळे होते. सार्वजनिक दायित्व म्हटलं की काही एजंट १९९१ च्या कायद्याखालची पॉलिसी पुढे करतात. तो कायदा घातक पदार्थ हाताळणाऱ्या उद्योगांसाठी आहे, तुमच्या स्पर्धेशी त्याचा संबंध नाही. तुम्हाला कार्यक्रमासाठीची तृतीय पक्ष दायित्व पॉलिसी हवी. तिच्यात आयोजक क्लब, राष्ट्रीय संघटना, शर्यत अधिकारी आणि स्वयंसेवक अशी सगळ्यांची नावं विमाधारक म्हणून घाला. पाण्यावरची घटना समाविष्ट असल्याचं एक वाक्य लेखी मागा, कारण काही पॉलिसी मंडप आणि गर्दी एवढ्यापुरत्याच असतात. स्पर्धकांसाठी गट अपघात विमा घेताना वगळलेल्या बाबी आधी वाचा. साहसी खेळ आणि स्पर्धा या दोन गोष्टी तिथे बारीक अक्षरात वगळलेल्या सापडतात. जादा हप्ता भरून ते वगळणं काढून घेता येतं. भाड्याच्या होड्यांचा विमा मालकाच्या नावे वेगळा असतो, त्याच्या प्रती फाइलला लावा.

यापलीकडे आयोजकाला खरा आधार देते ती नोंदवही. किती वाजता किती नॉट वारा होता, कोणाच्या सांगण्यावरून शर्यत पुढे ढकलली, कोणती होडी किती वाजता निघाली, कोणाला कुठे उचललं. शर्यत अधिकाऱ्याच्या होडीवर एक माणूस फक्त हेच लिहायला बसवा. काळजी घेतली होती हे घडीव भाषेतल्या खुलाशानं सिद्ध होत नाही, त्या वेळी पेन्सिलीनं लिहिलेल्या ओळीनं होतं.

पाण्यावर

माझा हिशोब असा: साध्या बोर्डांच्या आठ जणांमागे एक बचावनौका, फॉइलच्या किंवा मुलांच्या सहा जणांमागे एक. शर्यत अधिकाऱ्याची आणि मार्क टाकणाऱ्यांची होडी यात मोजायची नाही, त्यांना त्यांची कामं असतात. प्रत्येक होडीवर चालवणारा आणि पाण्यात उतरू शकणारा असे दोघं. चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा मांडीला किल कॉर्ड (चालवणारा पडला की इंजिन बंद करणारी दोरी) अडकवलेली हवी, आणि माणसाजवळ जाताना इंजिन न्यूट्रलला.

आधी माणूस, मग बोर्ड, हे सगळ्या चालकांकडून वदवून घ्या. खेळाडू महागडा बोर्ड सोडायला तयार होत नाही, हुज्जत घालतो, आणि तोवर दुसरा कोणी तरी बुडत असतो. वारा वाढून एकाच वेळी अनेक जण पडले, तर माणसं उचलायची आणि बोर्ड तिथेच सोडायचे. सोडलेल्या बोर्डाच्या मास्टला किंवा पायपट्ट्याला भडक रंगाची फीत बांधायची. मग लांबून येणाऱ्या दुसऱ्या होडीला कळतं की या बोर्डाचा माणूस सुरक्षित आहे, इथे शोधत बसायला नको. दोन रुपयांची फीत, पण अशा वेळी दहा मिनिटं वाचवते. स्पर्धेच्या आदल्या दिवशी हा सराव खऱ्या बोर्डांवर करून घ्या. फॉइलवाला बोर्ड होडीला ओढून नेताना फॉइल वर ठेवायचा आणि रबरी होडीच्या कडेपासून दूर, कारण त्याची धार ट्यूब फाडू शकते. फॉइलच्या वर्गाला हेल्मेट आणि इम्पॅक्ट व्हेस्ट (आघात झेलणारं जॅकेट) सक्तीचं करा. बाकी सगळ्यांना लाइफ जॅकेट, वारा कितीही मंद असला तरी.

टॅलीची पद्धत कडक राबवा. किनाऱ्यावर एक लाकडी फळी, तिच्यावर खिळे, प्रत्येक खिळ्याला स्पर्धकाच्या क्रमांकाचा बिल्ला. पाण्यात उतरताना बिल्ला मनगटाला, परत आल्यावर स्वतःच्या हातानं खिळ्यावर. होतं असं की कोणी तरी थकून थेट मुक्कामी निघून जातो, बिल्ला मनगटावरच राहतो, आणि इकडे सूर्य टेकलेला असताना तीन होड्या पुन्हा पाण्यात जातात. म्हणून टॅली चुकवणाऱ्याला गुणांचा दंड ठेवा आणि तो पहिल्याच दिवशी, कोणाचीही गय न करता लावा. फळीजवळ एक माणूस सतत हवा. शेवटचा बिल्ला लागेपर्यंत त्यानं जागा सोडायची नाही, आणि तोपर्यंत बचावनौकाही पाण्यातून बाहेर काढायच्या नाहीत.

वाऱ्याच्या मर्यादा आधी ठरवा. मुलांच्या वर्गाला सतत २० नॉटच्या वर वारा असेल तर मी शर्यत लावणार नाही, आणि ६ नॉटच्या खाली तर शर्यतीला अर्थच उरत नाही. मर्यादा नोटिशीत किंवा सेलिंग इन्स्ट्रक्शन्समध्ये (शर्यतीच्या लेखी सूचनांमध्ये) असली की पालक, प्रशिक्षक आणि पाहुणे यांचा दबाव शर्यत अधिकाऱ्यावर येत नाही. प्रमुख पाहुणे येऊन बसलेत म्हणून पोरांना पाण्यात उतरवणं मला अक्षम्य वाटतं. हवामान खात्याचा अंदाज आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज रोज सकाळी फलकावर लावा.

किनाऱ्यावर रुग्णवाहिका, प्राणवायू, मणक्याच्या दुखापतीसाठी बोर्ड, आणि बुडालेल्याला श्वास देता येणारी प्रशिक्षित माणसं. गोव्यात बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे ही मोठी सोय, पण दुपारच्या रहदारीत ती वाट एकदा गाडीनं जाऊन तपासा. १०८, तटरक्षक दलाचा १५५४ आणि जवळच्या रुग्णालयाचा थेट क्रमांक प्रत्येक होडीवर पाण्यात न भिजणाऱ्या कागदावर चिकटवा.

शर्यत आणि निकाल

यात फार शिरत नाही, कारण अनुभवी शर्यत अधिकारी आणि पंच आणलेत तर हे त्यांचं क्षेत्र आहे. त्यांच्यावर पैसे वाचवू नका. दोन गोष्टी नव्या खेळाडूंना बैठकीत सांगाव्यात. बोर्डांना दंड म्हणून एक पूर्ण ३६० अंशांचं वळण पुरतं. आणि तक्रार करायची तर लाल झेंड्याची सक्ती नाही, पण जागच्या जागी ‘प्रोटेस्ट’ असा आवाज द्यावा लागतो आणि शर्यत संपताच समितीला सांगावं लागतं. कितव्या शर्यतीपासून सर्वांत वाईट गुण वगळला जाईल, शेवटच्या दिवशी किती वाजल्यानंतर इशारा दिला जाणार नाही, या ओळी नोटिशीत असतील तर निकालावर वाद होत नाहीत.

पैशांबद्दल थोडक्यात: सगळ्यात मोठा खर्च होड्या, इंधन आणि अधिकाऱ्यांचा असतो, मंचाचा नसावा. शिडांवरच्या जाहिरातींना वर्ल्ड सेलिंगची संहिता लागू आहे. ऑनलाइन पैसे लावायच्या खेळांच्या जाहिरातींना २०२५ च्या कायद्यानं बंदी आहे, तो प्रायोजक कितीही रक्कम देत असला तरी घेऊ नका.

संपल्यावर

दुसऱ्याच दिवशी मार्कांचे नांगर आणि दोर वर काढा. एखादा दोर तुटून तळाशी राहिला असेल तर पाणबुड्या लावून काढा, त्यात जाळी अडकतात. बंदर आणि कॅप्टन ऑफ पोर्ट्सला क्षेत्र मोकळं झाल्याचं कळवा. निकाल पंचांच्या सहीनं राष्ट्रीय संघटनेला पाठवा आणि लहान-मोठ्या प्रत्येक अपघाताचा अहवाल सोबत जोडा, उपचार फक्त मलमपट्टीचे असले तरी.

मग फाइल बांधा: परवानग्या, विमा, जोखीमपत्रं, नोंदवही, टॅलीची रोजची यादी, हवामानाचे अंदाज. ग्राहक आयोगाकडे तक्रार करायची मुदत दोन वर्षांची असते, पण मुलांच्या दाव्यांची मुदत त्यांना अठरा पूर्ण झाल्यावर मोजायला सुरुवात होऊ शकते. म्हणून बारा वर्षांच्या स्पर्धकाची कागदपत्रं किमान दहा वर्षं ठेवावीत. क्लबची कार्यकारिणी बदलली की कपाटंही बदलतात, तेव्हा एक छापील संच क्लबमध्ये आणि एक स्कॅन केलेला राष्ट्रीय संघटनेकडे द्या, आणि पोच घ्या.